उंचीचा पास

सहा महिन्यांनी एकदा
दंडाला गुंडाळायचा एक पट्टा ठरवतो
मी चिमणीवर चढायचं की नाही.
(मुलगी लहान होती तेव्हा विचारायची,
बाबा, तुम्ही बसल्यावर चिमणी उडून नाही का जात?)

सोमवारी दीपनगरच्या गेटवर
ठेकेदाराच्या माणसानं यादी वाचली.
युवराज सपकाळे, हमीद तडवी, आणखी चौदा जण.
बुधवारी तपासणी.
काटा एकशेचाळीसच्या वर गेला तर पास नाही,
पास नाही तर हजेरी नाही.

तेव्हापासून अख्खं फेकरी डॉक्टर झालं.
टपरीवाल्यानं मला बघून किटली बाजूला सरकवली.
साडू म्हणाला, लसूण चाव, अनशापोटी.
धुळ्याची सासू फोनवर, मीठ सोडी द्या बरं, दोन दिन.
कोणी म्हणालं केळी खा,
मला, ज्याचं बालपण रावेरला घड वाहण्यात गेलं.
सुमनमावशीनं तर गोळीच आणून दिली,
तिच्या गेलेल्या नवऱ्याची.
तारीख बाकी आहे म्हणाली अजून.
ती मी खिशात टाकली.

रात्री इंदूनं भरीत केलं, बिनमिठाचं.
बामणोदचं वांगं, तुरकाठ्यांवर भाजलेलं,
हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, सगळे हजर,
चव तेवढी बाहेरगावी गेलेली.
कळण्याच्या भाकरीनं ते खाली ढकललं.

बुधवारी हमीदभाई माझ्या पुढे होते.
त्यांनीच मला चढायला शिकवलं.
वर बघू नको, खाली बघू नको,
हातातली पायरी बघ.
सिस्टरनं त्यांचा पट्टा दोनदा फुगवला,
तिसऱ्यांदा डॉक्टरांनी स्वतः.
मग नुसतं वय विचारलं.
ते बाहेर आले
बाही खाली करायची विसरून.

माझे एकशेबासष्ट.
साहेब, साठ मीटरवर माझा हात कापत नाही.
इथं कापतोय, डॉक्टर म्हणाले.
लघवीला जाऊन या. पंधरा मिनिटं बसा.
पाय जमिनीला टेकवा. बोलू नका.

बाकावर हमीदभाईंनी जागा करून दिली.
मी काही बोललो नाही, मनाई होती.
तेच हळू आवाजात म्हणाले, चढ.

डोळे मिटले.
पहिली पायरी तापलेली.
दहा. वीस. हातमोज्याला गंजाचा वास.
चाळिसाव्या पायरीवर हूक बदलला,
पट्ट्याचा खटका कानानं तपासला.
सत्तरीला वारा लागला, घाम सुकला.
मग उन्हात पत्र्यासारखी पडलेली तापी,
केळीचे हिरवे चौकोन,
कोळशाची मालगाडी, काडेपेट्यांची ओळ करावी तशी.
इथून मुलीची फी दिसत नाही.
आमचं घरही शोधावं लागतं,
निळ्या टाकीच्या डावीकडे.

सपकाळे, आत या.

एकशेअडतीस.
शिक्का बसला, शाई जरा पसरली.
हमीदभाई म्हणाले, खाली दोर धरायलाही माणूस लागतोच की.
ठेकेदाराचा माणूस फोनवर होता.

कपडे धुताना इंदूला खिशात गोळीचा चिखल सापडला.
काही विचारलं नाही.
फक्त म्हणाली, कागद पास झाला, तुम्ही कुठं?
शुक्रवारी सरकारी दवाखान्यात जायचं.
आणि मिठाची बरणी
फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.
तिथं हात पोचतो माझा, मी म्हणालो, पास आहे.
ती हसली नाही.

रात्री गच्चीवर आडवा झालो.
चिमणीचा लाल दिवा लागत होता, विझत होता.
मनगटावर बोटं ठेवून मोजायला लागलो.
तो एकदा, मी दोनदा.
तो एकदा, मी दोनदा.
मग मोजणं चुकलं.
खालच्या गल्लीत
हमीदभाईंचा रेडिओ अजून चालू होता.